शेतीचा तास हवा, पण खुरपं धरायला शिकवणारा नको



शालेय अभ्यासक्रमात शेती आणण्याची घोषणा राज्य सरकारने २०२३ मध्ये केली. तेव्हापासून हा विषय अधूनमधून डोकं वर काढतो. दुसरीकडे ‘निपुण’ अभियानाचा धोशा चालूच आहे: तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, बेरीज-वजाबाकी आली पाहिजे. हे सगळं एकाच शाळेत, त्याच दोन शिक्षकांनी, त्याच वेळापत्रकात बसवायचं. मी कोरडवाहू शेतकरी आहे आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून बसतो. माझं म्हणणं एवढंच की शेतीचं वेगळं पुस्तक काढू नका. शेतीचा तास हाच वाचनाचा आणि गणिताचा तास करा, आणि त्याला लागणारा पैसा व माणूस द्या.

शेतीचं नाव काढलं की समितीच्या बैठकीत आया लगेच विचारतात, “वावरातच घालायचं होतं तर शाळेत कशाला घातलं?” प्रश्न रास्त आहे. आमच्या पोरांना खुरपणी शिकवायला कोणी नको, रविवारी ती तेच करतात. अडतं ते दुसरीकडेच. मागे परसबागेसाठी आणलेली मेथीच्या बियाण्याची पिशवी फोडण्याआधी सरांनी ती पाचवीच्या मुलांपुढे धरली. ‘उगवणशक्ती’ हा शब्द एका मुलीने तुकडे तुकडे करत कसाबसा वाचला आणि पुढचा टक्क्यांचा आकडा पाहून गप्प झाली. मग सरांनी शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायला लावल्या. काही दिवसांनी मुलांनी मोड मोजले आणि पिशवीवरच्या आकड्याशी ताडून पाहिले. टक्केवारी वर्षभर फळ्यावर कळली नव्हती, ती तिथे कळली. मोड कमी भरले तेव्हा एकाने विचारलं, “मग दुकानदाराला विचारायचं का?” हा प्रश्न पडला, तिथे शेतीचं शिक्षण सुरू झालं असं मी समजतो.

कारण आमच्या धंद्यात कागद फार आहे. सातबारावरचं हेक्टर-आर आणि पोटखराबा, आडत्याच्या पट्टीतली हमाली-तोलाई, पीकविम्याची पावती, ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल आणि त्यातली फिटलेली रक्कम. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. सगळा दोष न वाचण्याचा नव्हता, हे मलाही कळतं. पण त्या त्रिकोणाचा अर्थ पाचवीतल्या पोराला माहीत असेल तर ते बापाला हटकेल तरी.

मागणी जुनीच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी-बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, इतिहास-भूगोल यांच्याबरोबरच शेतीचं प्राथमिक ज्ञान मागितलं होतं. धड्यांच्या जोडीला लहानसं नमुना शेत असावं, हेही त्यांनी सुचवलं होतं. वाचन-हिशोब काढून त्या जागी शेती, असं ते कुठेही म्हणाले नाहीत. आपण पुढे काय केलं? ‘कार्यानुभव’ आणला आणि क्रेप कागदाची फुलं केली. (माझ्याही वहीत होती, छान होती.) याच राज्यात पाबळच्या विज्ञान आश्रमाने १९८३ पासून शेती-पशुपालन, ऊर्जा, अभियांत्रिकी आणि गृह-आरोग्य हातांनी करत शिकवून दाखवलं. माध्यमिक शाळांसाठी त्यांचा अभ्यासक्रम राज्य मंडळाने मान्यही केला. म्हणजे नमुना शोधायला बाहेर जायला नको.

आता राहिलेल्या शिकण्याबद्दल. कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. जून २०२० ला पहिलीत नाव घातलेलं मूल थेट दुसरीच्या मधोमध वर्गात बसलं. मधल्या काळात ४५ दिवसांचा सेतू अभ्यास निघाला, पण शाळाच बंद असल्यामुळे तो मोबाइल असलेल्या घरांपुरता राहिला. ‘असर’च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची किती मुलं दुसरीचा मजकूर वाचतात, याचं उत्तर २०२२ मध्ये १६.३ टक्के होतं, २०२४ मध्ये २३.४ टक्के. सुधारणा आहे, नाही कशी म्हणू? पण चारांतली तीन मुलं अजून मागेच आहेत. आणि आमच्या बीड जिल्ह्यात कोरोनाशिवायही शाळा बुडते. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. आई-बापांबरोबर जाणाऱ्या मुलांचं जवळपास निम्मं वर्ष उसाच्या फडात जातं.

यावर शिक्षकांचं उत्तर ठरलेलं असतं: वेळ कुठून आणू? ते खोटं बोलत नाहीत. पोषण आहाराखाली परसबाग करा असा आदेश आहे, तिचा फोटो कोणत्या ग्रुपवर टाकायचा तेही कळवलं जातं. पाण्याची टाकी आणि तारेचं कुंपण मात्र लोकवर्गणीतून. आमची पहिली बाग बकऱ्यांनी फस्त केली, तिचाही फोटो वर गेलेला होता. म्हणून सरकारने परसबागेला पाणी, कुंपण आणि अवजारांसाठी दरवर्षी ठरावीक रक्कम थेट समितीच्या खात्यात द्यावी. रोजचा एक तास इयत्ता बाजूला ठेवून, मुलाला जेवढं वाचता येतं त्या गटाने घेऊ द्यावा आणि त्या तासाला शिक्षकाला कोणतीही ऑनलाइन माहितीची लिंक भरायला बसवू नये. गावातल्याच बारावी-पदवी झालेल्या एका मुलीला किंवा मुलाला मानधन देऊन मदतीला द्यावं. सहायक कृषी अधिकाऱ्याच्या आणि कृषी विज्ञान केंद्राच्या कामात शाळाभेट लेखी धरावी, म्हणजे ती मर्जीवर राहणार नाही.

आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांची मंजुरी सप्टेंबरातच द्यावी. टोळी गेल्यावर आलेला आदेश घेऊन आम्ही मुलं कुठून आणायची?

— एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, जि. बीड