नंबर प्लेट वाचता येते, म्हणून गाडी चालवता येते?

गेल्या पावसाळ्यात 26 वर्षांचा एक तरुण तपासायला आला. पिंपळगाव बसवंत ते नाशिक अशी भाजीपाल्याची पिकअप चालवतो. नऊ महिन्यांत तीनदा गाडी ठोकली होती आणि तिन्ही वेळा डाव्या बाजूने. "सर, माणूस एकदम समोर येतो हो," एवढंच तो सांगत होता. मालक त्याला बेफिकीर म्हणायचा, घरचे मोबाइलला दोष द्यायचे.

तक्त्यावरची शेवटची ओळ त्याने दोन्ही डोळ्यांनी वाचली. नजर 6/6. पण डोळ्यांचा दाब 36 निघाला (साधारण 10 ते 21 असायला हवा). दृष्टिक्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री केली, तर डाव्या डोळ्यात मधलं एक लहानसं बेट शिल्लक होतं आणि उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजूही गेलेली होती. म्हणजे दोन्ही डोळे मिळूनही डावीकडचं जग अपुरं. हा काचबिंदू होता.

काचबिंदू मधली नजर शेवटपर्यंत राखून ठेवतो आणि बाजूची आधी खातो. शिवाय गेलेल्या जागी काळा डाग दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं चित्र ओढून तिथे भरतो. म्हणून रुग्णाला "मला दिसत नाही" असं कधी वाटतच नाही. त्याला वाटतं, समोरचाच अचानक आला.

आता आपला कायदा काय विचारतो ते पाहा. खासगी गाडीच्या परवान्यासाठी चाळिशीच्या आतल्या माणसाला डॉक्टरचा दाखला लागत नाही. तो स्वतःच लिहून देतो, की 25 मीटरवरची नंबर प्लेट मला चांगल्या उजेडात वाचता येते, लाल-हिरवा रंग ओळखता येतो, रातांधळेपणा नाही. बाजूचं किती दिसतं, हा प्रश्नच नाही. माझ्या रुग्णाने हे सगळं अगदी खरं लिहिलं असतं! आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत परवाना काढला, की तो थेट चाळिशीपर्यंत चालतो. म्हणजे अठराव्या वर्षी पेठ रोडच्या आरटीओतून बाहेर पडलेल्या मुलाचे डोळे 22 वर्षं कोणी पाहणार नाही.

"तो तर माल वाहतो, त्याला वेगळा परवाना लागत असेल ना?" असं कोणी म्हणेल. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की साडेसात टनांच्या आतलं वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येतं. पोटापाण्याच्या दृष्टीने निकाल योग्यच आहे. पण दर पाच वर्षांनी होणाऱ्या तपासणीतून हे चालक सुटले, त्याचं काय?

देशात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांत 18 ते 45 वयाचे 66.5 टक्के. कारणांत अतिवेग सर्वांत वर. त्यातले किती काचबिंदूमुळे, हे मी सांगत नाही आणि कोणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पंचनामा करताना रस्त्यावर दृष्टिक्षेत्र मोजता येत नाही. जपान, कॅनडा, अमेरिकेत काचबिंदू आणि अपघातांवर अभ्यास झाले, पण त्यांतले रुग्ण बहुतेक वयस्क. आपल्याकडे रस्त्यावर मरतात तरुण, आणि काचबिंदू सप्ताहाच्या पोस्टरवर असतात आजोबा. याच नाशकात 2021 च्या स्वातंत्र्यदिनापासून 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम राबवली गेली. चांगलंच झालं. पण डोक्याची काळजी करणाऱ्या शहराला डोळ्यांची आठवण का होऊ नये?

प्रत्येक तरुणाची पेरिमेट्री करा, असं माझं म्हणणं नाही. चाळिशीआधी हा आजार कमी आढळतो, त्यामुळे सरसकट मशीन लावणं म्हणजे पैशांचा चुराडा. पण बोटं हलवून बाजूची नजर ढोबळ तपासायला दोन मिनिटं लागतात. आणि कुटुंबात काचबिंदू, मोठा मायनस नंबर, डोळ्याला कधी जोराचा मार, किंवा स्टेरॉइडचे ड्रॉप्स, यांतलं काहीही असेल त्याने डोळ्याची नस आणि दाब तपासून घेतलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये दोन्ही डोळ्यांत काचबिंदू असेल तर परवाना खात्याला कळवावंच लागतं आणि आडवं 120 अंशांचं दृष्टिक्षेत्र लागतं. आपल्या फॉर्मवर एक ओळ वाढवायला काय अडचण आहे?

स्टेरॉइडबद्दल थोडं रागानेच लिहितो. धूळ, द्राक्षबागेतली फवारणी, ॲलर्जी, यांनी डोळे खाजतात. मेडिकलमधून 'लाल डोळ्याचे ड्रॉप्स' मिळतात, दोन दिवसांत आराम पडतो. पुढच्या वेळी तीच रिकामी बाटली दाखवली, की नवी मिळते. त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असेल तर काहींच्या डोळ्यांचा दाब काही आठवड्यांत गुपचूप वाढतो. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, असा नियम आहे. माझ्या या रुग्णाने ती चार वर्षं घातली होती, एकाही चिठ्ठीशिवाय. घरात अशी बाटली असेल तर नाव वाचा. वापर चालू असेल तर मनानेच सोडू नका, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

तो आता गाडी चालवत नाही, मालाच्या वजनकाट्यावर बसतो. ड्रॉप्सनी दाब 15 वर आहे, पण गेलेली नजर परत येणार नाही. दुसऱ्या अपघातात एका सायकलवाल्याचा पाय मोडला होता. त्या कागदावर कारण अजूनही 'निष्काळजीपणा' असंच आहे.