उसातला वाघ कुठल्या चार्टात आहे?

'रोज एक चार्ट, रोज थोडा भारत' अशा धाटणीचं एखादं पेज तुम्हीही फॉलो करत असणार. सोमवारी देशातले बिबटे, मंगळवारी शाकाहारी लोक, बुधवारी भाषा, गुरुवारी लग्नाचं वय. रंग छान, फॉन्ट छान, खाली बारीक अक्षरात सरकारी अहवालाचं नाव. आपण दोन सेकंद बघतो, 'अरे, आपला महाराष्ट्र तिसरा!' म्हणत स्टोरीला टाकतो आणि पुढे सरकतो.

माझं भांडण या पेजांच्या मेहनतीशी नाही. ती खरी असते. भांडण 'रोज' या शब्दाशी आहे. रोज एक चार्ट द्यायचा म्हटल्यावर स्वतः काही मोजायला वेळच उरत नाही. मग कुणीतरी आधीच मोजून फाइलमध्ये टाकलेलं उतरवायचं आणि रंगवायचं. ज्याची फाइल नाही, तो देशात नाही. बरं, नकाशावर ती जागा पांढरी राहिली असती तर निदान प्रश्न तरी पडला असता. पण राज्याचं राज्य एकाच रंगात बुडवलं की न मोजलेलंही मोजल्यासारखंच दिसतं.

मी डिंगोऱ्याचा. जुन्नर तालुक्यात, कल्याण-नगर हायवेवर, माळशेज चढून ओतूरकडे जाताना लागतं ते. जवळच पिंपळगाव जोगा धरण. त्यामुळे बिबट्याचंच उदाहरण आधी घेतो, कारण हा चार्ट दर वर्षी फिरतो. 2022 च्या गणनेचा अहवाल फेब्रुवारी 2024 मध्ये आला. देशात 13,874 बिबटे. मध्य प्रदेश 3,907 घेऊन पहिला, महाराष्ट्र 1,985 घेऊन दुसरा. उभे दांडे काढायला एकदम सोपे आकडे.

आता हे मोजले कसे ते बघा. ही गणना व्याघ्रगणनेच्या पाठीवर बसून होते. वाघ असलेल्या राज्यांतल्या जंगलांत कॅमेरे लावतात, त्यात बिबट्याही टिपला जातो, त्यावरून अंदाज बांधतात. याआधीच्या, म्हणजे 2018 च्या अहवालात तर स्पष्टच लिहिलंय की जंगलाबाहेरच्या जमिनी, हिमालयातला उंचावरचा भाग, कोरडे प्रदेश, ईशान्येचा बराचसा भाग मोजलेला नाही, म्हणून हा आकडा किमान समजावा. शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. चार्टवाल्याने ते वाक्य गाळलं, कारण ते चौकोनात मावत नाही.

आणि आमचा बिबट्या तर जंगलाबाहेरचाच. आमच्याकडे त्याला सरळ वाघ म्हणतात. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, आडोसा आणि बाहेर वस्तीवर कुत्री, शेळ्या, कालवडी. मादी उसातच विते, तोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. या प्राण्याने 'जंगल' नावाचा रकाना कधीच सोडलाय. जुन्नरला माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभं करावं लागलं, एवढा हा आमच्या रोजच्या जगण्यातला विषय. आणि देशाच्या चार्टात त्याला जागा नाही.

तुम्ही म्हणाल, नसेना का, एका चार्टाने काय बिघडतं? बिघडतं. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात पकडलेले बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटर लांबच्या जंगलात नेऊन सोडले जात. तेव्हा कुणी 'पकडलेले बिबटे' असा रोजचा चार्ट काढला असता तर तो झकास वर चढला असता आणि कामगिरी म्हणून मिरवला गेला असता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र दुसरी गोष्ट मोजली, माणसांवरचे हल्ले. आधी वर्षाला सरासरी 4 असलेले हल्ले बिबटे हलवायला लागल्यावर वर्षाला 17 झाले. त्यातले जीवघेणे 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेले. हा अभ्यास छापून आला 2011 मध्ये, म्हणजे सात-आठ वर्षांनी. तेच दिवस, तोच तालुका, तेच बिबटे. काय मोजायचं ते कोण ठरवतो, एवढाच फरक.

याच मंडळींनी पुढे आमच्या डोंगरापलीकडे, अकोल्याच्या शेतशिवारात कॅमेरे लावले. तिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात. तरी शंभर चौरस किलोमीटरमध्ये जवळजवळ पाच मोठे बिबटे निघाले. विष्ठा तपासली तेव्हा कळलं की त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने 39 टक्के वाटा कुत्र्यांचा आहे. एका तालुक्याच्या एका तुकड्यात असं काम करायला किती रात्री जातात, विचार करा. 'रोज एक' च्या हिशेबात तेवढ्यात पेजवर शे-दीडशे चार्ट होतात.

विजेचा चार्ट बिबट्याच्या चार्टापेक्षा जास्त लबाड आहे. एप्रिल 2018 मध्ये मणिपूरच्या लेइसांग गावात तार पोचली आणि देशातली सगळी गावं विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं. शंभर टक्के, नकाशा पूर्ण पिवळा. यात गाव विद्युतीकृत मानायला शाळा-पंचायतीसारख्या जागी जोडणी आणि दहा टक्के घरांत वीज असली तरी पुरे. डिंगोऱ्यात लाइट आहेच, मला नाकारायचं नाही. पण शेतीपंपाची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येते. रात्रपाळी लागली की माणूस बॅटरी घेऊन, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून उसाला पाणी द्यायला जातो. म्हणून बिबट्याच्या पट्ट्यातली पहिली मागणी पिंजऱ्याची नसते, 'आम्हाला दिवसा लाइट द्या' ही असते. पेजवाल्याकडे वीज हा मंगळवारचा विषय आणि बिबट्या सोमवारचा. आमच्याकडे दोन्ही एकाच रात्री, एकाच बांधावर भेटतात.

शाकाहाराच्या नकाशाबद्दल फार बोलत नाही. 2014 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे 40 टक्के लोक शाकाहारी निघाले, म्हणून अख्खा महाराष्ट्र मध्यम हिरवा. सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण पाळणारा आणि यात्रेला मटणाच्या पंगतीत पहिला बसणारा माझा चुलता कुठल्या छटेत घालायचा, हे त्या नकाशाने सांगावं. भाषांचं तर याहून वाईट. 2011 च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली ती भरली 19,569. चाळून, जुळवून, एकात एक घालून शेवटी 121 उरली. दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असतील तर 'इतर'. चार्टात 'इतर' ला नेहमी राखाडी रंग असतो, बघा कधीतरी. आणि 2021 ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, म्हणून 'आजचा भारत' असं शीर्षक देऊन 2011 ची माणसं रंगवली जातात. तेव्हा चौथीत असलेला मुलगा आज ट्रॅक्टर चालवतोय.

यावर ठरलेलं उत्तर येतं की काहीच न दाखवण्यापेक्षा हे बरं, लोकांना आकड्यांची गोडी तरी लागते. मला हे पटत नाही. याने आकड्यांची नाही, नंबर लागण्याची गोडी लागते. आपलं राज्य कितवं, शेजारचं किती मागे. शाळेच्या निकालासारखं.

आकड्यांची गोडी कशी असते ते बघायचं तर 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनातले डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचे चार्ट शोधा, फोनवर सहज सापडतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जगणं त्यांनी अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन, हाताने रंगवून साठेक चार्टांत मांडलं. कुणाकडे किती जमीन, कोण काय काम करतं, इतकंच काय, घरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या सामानाची किंमत किती. ज्यांची मोजणी आजवर मालकांनी केली होती, ते स्वतःचं घर स्वतः मोजत होते.

इतकं लांब जायचीही गरज नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून काम करत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या, प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव, गाव, विषय. हाही डेटाच आहे की! संस्कृतीचा डेटा म्हणजे कुठल्या राज्यात किती सण, एवढंच असतं का?

आणि आमच्या तालुक्याला तर आकड्यांचं कौतुक कुणी शिकवू नये. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. देशातल्या सगळ्यात जुन्या कोरीव आकड्यांपैकी काही तिथे आहेत. यज्ञात किती गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं दिली त्याची यादी. भिंतभर हिशेब. घाटातून माल डोक्यावर घेऊन किती हमाल चढले, तो आकडा नाही. कोरणाऱ्याला पैसे राणीने दिले होते.

तर मग काय करायचं? माझं मत विचाराल तर रोज चार्ट नको, रोज नोंद हवी. देशाची नको, आपल्या शिवाराची. जुन्नर वन विभागात बिबट्याने मारलेल्या प्रत्येक जनावराच्या भरपाईची फाइल असते आणि त्यात पंचनामा: गाव, तारीख, जनावर कुठलं. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर बहुधा झेरॉक्सच्या गठ्ठ्यात येईल, हाताने लिहिलेलं, एकाच वाडीचं नाव तीन प्रकारे. ते बसून टाइप करावं लागेल. मग शेजारी रकाना काढायचा: त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा होती की रात्री. आणखी एक: त्या शिवारात ऊसतोड कधी झाली. हा रकाना कुठल्याच फाइलीत मिळणार नाही, वस्तीवर जाऊन विचारावा लागेल. ज्यांची शेळी गेली पण भरपाईचा कागदच केला नाही, तेही तिथेच भेटतील, चहाला बसवतील आणि दुसऱ्याच चार गोष्टी सांगतील. त्याही लिहून घ्यायच्या. यात दोन-तीन महिने सहज जातात. तेवढ्या दिवसांत पेजवर काहीच पडणार नाही.