सुट्या भागांची गिटार आणि पिकअपचा प्रश्न

लाकडी बॉडी, नेक, खुंट्या, ब्रिज, तारा आणि विजेचा सगळा सरंजाम एका खोक्यातून मागवून इलेक्ट्रिक गिटार घरच्या घरी जुळविण्याचा ज्यांना नाद लागतो, त्यांची पहिली मसलत बहुधा एकाच प्रश्नावर बसते : पिकअप कोणता घ्यावा? बॉडीला अजून रंगाचा हात लागलेला नसतो, नेकचे चार स्क्रू पुडीतून बाहेर आलेले नसतात, आणि तरीही किटाबरोबर आलेले पिकअप मामुली ठरवून, कधी कधी सबंध किटाच्या किमतीहून महाग असे परदेशी पिकअप मागविण्याचा हुकूम सुटलेला असतो. हा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पिकअपची निवड ही या उद्योगातील अखेरची निवड असावी, आणि ती करताना जाहिरातीतील विशेषणे व ओहमचे आकडे या दोन्ही साक्षीदारांची साक्ष ग्राह्य धरू नये.

ज्या वाचकांचा या वाद्याशी परिचय केवळ ऐकण्यापुरता असेल, त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती घातलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे होय. ही तार साधारणतः मिलिमीटरच्या सोळाव्या हिश्शाइतकी बारीक असते, आणि फेंडर कंपनीच्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या एकेका पिकअपवर तिचे सुमारे 8000 वेढे असत. गिटारची पोलादी तार छेडली की तिच्या कंपनाबरोबर चुंबकीय क्षेत्र हालते आणि फॅरडेने 1831 साली सिद्ध केलेल्या तत्त्वानुसार वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. अडचण एवढीच, की हे एकेरी वेटोळे तारेचे कंपन जितक्या तत्परतेने टिपते, तितक्याच तत्परतेने घरातील वीजवाहिन्यांची गुणगुणही टिपते. तिचा बंदोबस्त गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 साली केला : परस्परविरुद्ध चुंबकध्रुवांची आणि परस्परविरुद्ध जोडणीची दोन वेटोळी शेजारी बसविली, की तारांचा आवाज एकत्र होतो आणि गुणगुण आपसांत वजा होते. यालाच हंबकर म्हणतात. या सोयीचे मोल मात्र द्यावे लागते : हंबकरचा स्वर भरदार असतो, पण एकेरी वेटोळ्याच्या स्वरातील काचेसारखी किणकिण त्यात सहसा नसते.

आता ओहमच्या आकड्याविषयी. विक्रेत्याच्या तपशिलात वेटोळ्याचा विद्युत्‌रोध छापलेला असतो, आणि आकडा जितका मोठा तितका पिकअप जोरकस, अशी ग्राहकाची समजूत करून दिली जाते. वस्तुतः तार अधिक बारीक घेतली तर वेढे न वाढविताही रोध वाढतो. आणि चुंबक अल्निकोचा आहे की सिरॅमिकचा, वेटोळे उंच आहे की बसके, याविषयी तर हा आकडा अवाक्षर काढीत नाही. एवढेच काय, तांब्याचा रोध तपमानाच्या दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने वाढत असल्यामुळे, जो पिकअप पौषातल्या पहाटे 12 अंशांवर 8 किलोओहम दाखवितो, तोच वैशाखातल्या दुपारी 40 अंशांवर 8.9 च्या आसपास दाखवील, आणि वाजवणाऱ्याच्या कानाला त्याचा पत्ताही लागणार नाही. गिब्सनच्या ज्या आरंभीच्या हंबकरांना संग्राहक आज डोळे पांढरे होतील अशा किमती मोजतात, त्यांचे वेढे तरी कोठे मोजूनमापून घातलेले होते? वेटोळे भरल्यासारखे दिसले की यंत्र थांबवावे, असा तो खाक्या होता.

निवड वाजविल्यानंतरच का करावी, याचा उत्तम दाखला ब्रायन मे याच्या गिटारीचा आहे. लंडनच्या उपनगरात राहणाऱ्या या शाळकरी मुलाने 1963 साली आपल्या वडिलांच्या साहाय्याने एक गिटार घरीच करावयास घेतली. नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड वापरले, आणि स्वर डोलविणाऱ्या यंत्रणेसाठी जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कामी लावल्या. पिकअपही त्याने चुंबक आणून स्वतःच गुंडाळले. त्यांचा आवाज त्याला पसंतही पडला. परंतु सतारिये मींड घेताना तार जशी आडवी ओढतात, तशी ती ओढून स्वर चढवू लागताच चुंबकांच्या उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या मांडणीमुळे तार एका ध्रुवावरून दुसऱ्यावर जाई आणि एक विचित्र आवाज उमटे. तेव्हा त्याने बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक नावाचे तीन पिकअप घेतले, आणि त्यांनी शीळ घालू नये म्हणून ते ॲरल्डाइटमध्ये घट्ट बसविले. तो दोष कोणत्याही तपशीलपत्रकात सापडला नसता; तो त्या मुलाच्या स्वतःच्या वादनपद्धतीत दडलेला होता. पुढे क्वीन या वाद्यवृंदात हीच गिटार ज्या कंठाच्या साथीला उभी राहिली, त्या फ्रेडी मर्क्युरीचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले होते, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

यावर आक्षेप असा येतो, की एकदा डाख देऊन जोडलेल्या तारा पुन्हा सोडवून पुन्हा जोडण्याची यातायात कशासाठी? माझ्या मते, ज्याने गिटार स्वतः जुळविण्याचे पत्करले, त्याने या यातायातीला भिण्याचे कारण नाही. आणि अनेकदा ती करावीच लागत नाही. किटातील स्वस्त सिरॅमिक पिकअप कर्कश वाटला, तर प्रथम स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याची उंची तपासावी. शेवटच्या पडद्यावर तार दाबून तार आणि पिकअप यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवले, आणि मग अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने स्क्रू खालीवर करीत ऐकले, म्हणजे त्याच पिकअपची कैफियत पुष्कळशी बदलते. उलट शक्तिमान चुंबक तारांच्या फार निकट आणले, तर ते तारेलाच खेचू लागतात आणि जाड तारांचा स्वर डगमगतो. त्यानंतर व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करणारा फिरता रोधक, पाहावा. एकेरी वेटोळ्याला 250 किलोओहमचा आणि हंबकरला 500 चा, असा सर्वसाधारण प्रघात आहे. हंबकरला 250 चा लावला तर स्वर मंदावतो, एकेरी वेटोळ्याला 500 चा लावला तर तो अधिक तीक्ष्ण होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा जिन्नस पिकअपच्या मानाने नगण्य दामात मिळतो. एवढे सोपस्कार झाल्याखेरीज किटातल्या पिकअपवर निकाल देणे म्हणजे आरोपीचा जबाब न घेताच त्याला शिक्षा ठोठावण्यासारखे आहे.

हे सारे करूनही तक्रार उरली, तर पिकअप अवश्य बदलावा. पण मग तक्रार नेमकी कोणती, हे ठाऊक झालेले असते. पंख्याचा गोल फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मध्यावर ठेवताच ॲम्प्लिफायर घरघरू लागत असेल आणि पंखा बंद करून वाजविणे उकाड्यामुळे अशक्य असेल, तर हंबकर घ्यावा. बॉडीतील खाच एकेरी पिकअपच्या मापाची असेल, तर त्याच मापात बसणारे दुहेरी वेटोळ्याचे पिकअपही मिळतात, लाकूड कोरण्याचे कारण नाही. स्वर दुबळा वाटत असेल, तर तो नेकजवळ आणि ब्रिजजवळ अशा दोन्ही ठिकाणी दुबळा आहे की केवळ ब्रिजजवळ, हे पाहावे. तारेचा झोका ब्रिजपाशी आखूड असल्यामुळे तेथला पिकअप स्वभावतःच क्षीण आणि तीक्ष्ण ऐकू येतो, आणि बहुतेकांची तक्रार त्याच्याचविषयी असते. तेव्हा नवा पिकअप एकच, ब्रिजजवळचा, आणावा आणि नेकजवळचा किटातला जुनाच राहू द्यावा.