खुर्ची सोडताना स्क्रीनला कुलूप

बँकेच्या शाखेत तिजोरी एका माणसाच्या चावीने उघडत नाही. एक चावी रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे, आणि चावी दुसऱ्याच्या हाती गेली की रजिस्टरवर सह्या. रोखपाल पाणी प्यायला उठला तरी ड्रॉवरला कुलूप लावतो. त्याला ते सांगावं लागत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी शाखांचं ऑडिट करते. जिथे ड्रॉवर असा जपतात, तिथेच संगणक सताड उघडा टाकून लोक चहाला जातात, हे मला बघवत नाही.

मध्यंतरी एका शाखेत कर्जाच्या टेबलावर कुणीच नव्हतं. स्क्रीनवर एका कर्जदाराचं खातं उघडं होतं: पत्ता, पॅन, मोबाईल नंबर, थकलेले हप्ते. समोर दुसराच ग्राहक पासबुक घेऊन बसलेला आणि मॉनिटर निम्मा त्याच्याकडे वळलेला. छोट्या गावात कुणाचा हप्ता थकला ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. नोकरीला लागताना आम्ही गोपनीयतेच्या प्रतिज्ञेवर सही करतो, ती अशाच माणसांसाठी. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तर माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती उठून गेलेल्या त्या कर्मचाऱ्याची. त्याच्या मागे कुणी एन्ट्री टाकली तर सिस्टीममध्ये युजर आयडी त्याचा उमटतो, तारीख-वेळेसकट. चौकशीत सगळ्यात आधी तोच लॉग काढतात. ‘मी तेव्हा जागेवर नव्हतो’ हे तो कशाच्या जोरावर सिद्ध करणार? दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे खरी, पण त्यासाठी आधी तो माणूस सापडायला हवा. तोवर निलंबनाचं पत्र याच्याच घरी येतं. असं प्रामाणिक माणसाच्या वाट्याला आलं की जीव तुटतो.

अधिकाऱ्याची स्क्रीन उघडी राहिली तर धोका आणखी वाढतो. बँकेत एकाने एन्ट्री टाकायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची, हा मेकर-चेकरचा नियम म्हणजेच तिजोरीच्या दोन चाव्या. दोन्ही टेबलं उघडी असली की एकच माणूस दोन्ही खुर्च्यांत बसू शकतो.

‘स्क्रीन आपोआप लॉक होते की!’ असं उत्तर मला हमखास मिळतं. होते, पण किती वेळाने? कार्ड व्यवहारांच्या सुरक्षेचं पीसीआय मानकसुद्धा 15 मिनिटांपर्यंत सूट देतं, आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलायची विनंती टाकायला एक मिनिटही लागत नाही. बऱ्याच बँकांत आता लॉगिनला बोटाचा ठसा लागतो, पण एकदा आत शिरल्यावर त्या ठशाचा काय उपयोग? विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबलं की स्क्रीन तत्क्षणी बंद होते. त्याला कसलं प्रशिक्षण लागत नाही.

रांग दारापर्यंत गेलेली असताना दिवसभर लांबलचक पासवर्ड टाकत बसणं जाच आहे, हे मला मान्य आहे. तिथे पुन्हा आत शिरायला बोटाचा ठसा पुरेल अशी सोय बँकेने करून द्यावी. त्यात कंजुषी कशाला? ‘म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?’ असंही काही जण विचारतात. ड्रॉवरच्या कुलपाचा राग मात्र आजवर कुणाला आलेला नाही.

खरी अडचण केबिनमध्ये आहे. ‘तू जा घरी, चालू राहू दे, डे-एंड मी करतो,’ असं साहेबच म्हणतात, तेव्हा नव्या मुलाने ऐकायचं कुणाचं? म्हणून उघडी स्क्रीन सापडली की अहवालात मी जबाबदार म्हणून शाखाधिकाऱ्याचं पद लिहिते, क्लार्कचं नाही. त्यावर वाद होतात. मी शेरा बदलत नाही.