आकिंचन्य आणि तीन साड्या



दशलक्षण पर्वात आठव्या दिवशी उत्तम त्याग येतो आणि नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य. त्यागाच्या दिवशी दानाच्या पावत्या भरभर फाटतात. आकिंचन्याच्या दिवशी आपण पूजा करतो आणि घरी येतो. ‘माझे काही नाही’ हे आर्यिका माताजींनी पाळायचे आणि आपण वंदन करायचे, अशी वाटणी करून टाकली आहे. ती मला पटत नाही.

मदर तेरेसांच्या सिस्टर्सकडे बघा. १९४८ मध्ये मदर कोलकात्याच्या कॉन्व्हेंटमधून बाहेर पडून वस्तीत गेल्या. १९५० मध्ये त्यांचा संघ स्थापन झाला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांखेरीज तिथे चौथे व्रत असते: गरिबातल्या गरिबाची मनापासून, विनामोबदला सेवा. निळ्या काठाच्या मोजक्या तीन साड्या, एवढाच कपडा. १९६४ मध्ये मुंबईला आलेल्या पोपनी आपली मोटार मदरना दिली. त्यांनी ती सोडतीत काढली आणि पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला.

मला जास्त विचार करायला लावते ती त्यांची प्रार्थना. १९७३ पासून त्यांनी रोज एक तास आराधनेसाठी वाढवला. मी कॉमर्सची. वाटेल की तेवढ्या वेळात आणखी दहा रुग्णांच्या जखमा धुऊन झाल्या असत्या. पण मन स्थिर नसेल तर सेवेत लगेच ‘मी केले’ शिरते. मग दानाची पाटी लागते, फोटो निघतो. त्या तासात हा ‘मी’ उतरत असावा. आपले अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक याहून वेगळे काय शिकवते?

त्यांचा सृष्टिकर्ता ईश्वर आपण मानत नाही, आहारही आपला वेगळा. तरी व्रत, ध्यान आणि सेवा एकाच बाईच्या दिवसात बसवण्याची त्यांची रीत घेण्यासारखी आहे. आपण व्रत माताजींकडे सोपवले, सेवा ट्रस्टकडे.

आपल्या अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहेच, आणि ते श्रावक-श्राविकांसाठीच सांगितले आहे. यंदा आकिंचन्याच्या आधी कपाट उघडा, साड्या मोजा, किती ठेवायच्या तो आकडा वहीत लिहा. सामायिक झाल्यावर आठवड्यातून एक तास अंथरुणाला खिळलेल्या एखाद्या बाईपाशी बसा. पावती नको, फोटो नको. तिची वेणी घाला, चार घास भरवा.