गॅरेजमधल्या गप्पा वाया जाऊ देऊ नका

पावसाची झड लागली की शहाद्याच्या वेल्डिंगच्या दुकानांत गर्दी होते. कोणाचा रोटाव्हेटर मोडलेला, कोणाच्या पंपाचे बेअरिंग गेलेले. काम व्हायला वेळ लागतो, मग चहा येतो आणि गप्पा सुरू होतात. मागच्या पावसाळ्यात अशाच एका दुकानात बसलो असताना विषय निघाला पपईचा. माल तोडणीला आलेला, व्यापारी रस्त्यावर गाडी लावून उभा आणि शेतात काळ्या मातीचा गुडघाभर चिखल. ट्रॅक्टर आत घातला तर तोच फसतो. डोक्यावर क्रेट वाहून आणायला मजूर मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही.

तेवढ्यात एक तरुण म्हणाला, "भाऊ, हवेवर चालणारी गाडी करू. टीव्हीवर पाहिली मी. पाण्यावर चालते, चिखलावरही चालते." सगळे हसले. मिस्त्री मात्र हसला नाही. फवारणीच्या जुन्या ब्लोअरचा पंखा कोपऱ्यात पडला होता, त्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पाहू ना भो, बिघडलं तर बिघडलं!"

या गाडीला हॉवरक्राफ्ट म्हणतात. पंख्याने हवा खाली दाबायची, कडेने रबरी किंवा कापडी झालर लावून ती अडवायची, म्हणजे गाडी त्या हवेच्या गादीवर उचलली जाते. पुढे ढकलायला मागे दुसरा पंखा. तिचा जनक ख्रिस्तोफर कॉकरेल हा इंग्लंडमध्ये होड्या बांधण्याचा धंदा करणारा माणूस. १९५५ च्या सुमारास त्याने पहिला प्रयोग केला तो एकात एक बसवलेल्या दोन रिकाम्या डब्यांवर, मधल्या फटीतून हवा सोडून. २५ जुलै १९५९ रोजी त्याच तत्त्वावरच्या गाडीने इंग्लिश खाडी पार केली. १९६६ मध्ये तिथल्या हौशी लोकांनी आपला क्लब काढला. घरच्या घरी गाड्या बांधायच्या, एकमेकांना चुका सांगायच्या, शर्यती लावायच्या. आपल्याकडे तटरक्षक दल अशा गाड्या उथळ किनाऱ्यावर वापरते.

आमच्या मंडळींनी प्लायवूडचा पाट, ताडपत्रीची झालर आणि तो पंखा जोडून पाहिला. दुकानाच्या फरशीवर पाट उचलला गेला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. शेतात नेल्यावर मात्र जागचा हलेना. कारण सोपे आहे. सरी-वरंब्यात झालरीखालून हवा निसटते, गादी टिकत नाही. सपाट जागेवर चालणारी वस्तू ती, वर डिझेल पिते आणि कान फाडते. पण त्याच बैठकीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मुद्दा काढला की वजन रुंद तळावर पसरले तर चिखलात रुतणार कशाला? त्यातून पत्र्याच्या गुळगुळीत तळाची, पुढून होडीसारखी वर वळवलेली घसरगाडी निघाली. बांधावरच्या ट्रॅक्टरने लांब दोरीने ती ओढायची. क्रेट रस्त्याला लागले. हवेवरची गाडी फसली, पण त्या गप्पा कामी आल्या.

मराठी मुलखाला हे नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते म्हणून शेतकरी तो घेईनात. आपल्या जिल्ह्यात अक्राणी तालुक्यातल्या बिलगावच्या आदिवासी बांधवांनी केरळच्या अभियंत्यांना सोबत घेऊन, श्रमदान करून २००३ मध्ये धबधब्यावर १५ किलोवॅटचा वीजसंच उभारला. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो गेला. संच गेला, पण तो बांधणाऱ्या हातांचे कसब तर बुडाले नव्हते! ते कोणी नोंदवून ठेवले?

माझे दुखणे इथेच आहे. मिस्त्री म्हातारा होतो, दुकान बंद पडते आणि तीस वर्षांचे शहाणपण त्याच्याबरोबर जाते. शेजारच्या गावचा माणूस तीच चूक नव्याने करतो, तोच पैसा नव्याने घालवतो. दुसरे दुखणे जीवाचे आहे. पट्ट्याला जाळी नाही, पीटीओ शाफ्टला झाकण नाही, धोतराचा किंवा साडीचा पदर अडकला की क्षणात होत्याचे नव्हते होते. जुगाड करणारा "चालतंय ना" म्हणून पुढे जातो. जुगाड गाडी रस्त्यावर आणली तर तीही मोटार वाहनच, तिला कायदा लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. हौस शेतापुरती ठेवावी, रस्त्यावर नेऊ नये.

करायचे काय? फार खर्चाचे काही नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची कार्यशाळा महिन्यातून एका रविवारी मिस्त्री आणि शेतकऱ्यांसाठी उघडावी. निदेशकांनी वेल्ड तपासावे, जाळी-झाकण कसे बसवायचे ते दाखवावे. पोरांनी मोबाईलवर नुसता व्हिडिओ काढून भागणार नाही. माप, पत्र्याची जाडी, पुलीचा व्यास असे सगळे वहीत उतरवावे. फसलेल्या प्रयोगाचे एक पान त्यात हवेच. ती वही ग्रामपंचायतीत राहावी. खरोखर नवे काही निघाले तर २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाकडे पाठवता येते. ते काम ग्रामपंचायत अधिकाऱ्याने करून द्यावे, कारण मिस्त्रीला वेल्डिंगची कांडी धरता येते, अर्ज भरता येत नाही.

सरकारी साहेबांना एक विनंती. अनुदान तपासणी झालेल्या यंत्रालाच मिळते, ते रास्तच आहे. पण दुकानात आल्यावर पहिला प्रश्न "परवानगी घेतली का?" असा नसावा. "हे कशासाठी केलं?" असे आधी विचारा. उत्तरात एखाद्या शेतकऱ्याची अडचण सापडेल, जी तुमच्या कोणत्याही तक्त्यात नसते.

तो प्लायवूडचा पाट अजून त्या दुकानात भिंतीला टेकून उभा आहे. मिस्त्री म्हणतो, सारंगखेड्याच्या बॅरेजच्या सपाट पाण्यावर एकदा नेऊन पाहायचा. जरूर पाहावा, पण अंगात लाइफ जॅकेट घालून, पंख्याला जाळी लावून. आणि काय झाले ते वहीत लिहून ठेवावे.