मागाच्या उजेडात कॅमेरा

अहमदनगरला (आता अहिल्यानगर) शिकत असताना नागराज मंजुळे यांनी केलेला ‘पिस्तुल्या’ हा लघुपट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला. आपल्या इचलकरंजीतील एका यंत्रमाग कामगाराची मुलगीही सध्या कॉलेजसाठी लघुपट करते आहे, वडिलांच्याच मागावर. परवानगी एका रात्रपाळीची.

आधी चित्रात काळे पट्टे सरकू लागले. आपली वीज 50 आवर्तनांची, म्हणून जुनी ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते. शटर 1/50 सेकंदावर ठेवताच पट्टे गेले.

खरी परीक्षा फोकसची! तुटलेला धागा सांधायला वडील वाकतात, तेवढ्यात फोकस धाग्यावरून चेहऱ्यावर न्यायचा. आठ वेळा चुकले. मग लेन्सच्या कड्यावर चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या, एक धाग्याची, एक चेहऱ्याची. पहाटे जमले.

चित्रण पाहून वडील म्हणाले, “एवढा वाकतो व्हय मी?”